अर्ध्या शेपटाचं कासव

त्या घरात एक कपाट होतं आणि त्यात जगातल्या सगळ्या सुरुवाती कोंबलेल्या होत्या. एका बाहीचा स्वेटर, अंगठा नसलेला हातमोजा, टेबलाच्या एकाच कोपऱ्याला पुरेल एवढा टेबलक्लॉथ, आणि शेजारच्या बाळासाठी सुरू केलेली टोपी. ते बाळ आता वकील झालं होतं आणि त्याला टक्कल पडलं होतं, म्हणजे टोपीची गरज खरं तर आत्ताच होती. पण टोपी कानापर्यंतच येऊन थांबली होती. घरची बाई कुठलीही गोष्ट मोठ्या प्रेमाने सुरू करायची आणि तितक्याच प्रेमाने सोडून द्यायची. "शेवट काय, कोणीही करतं," असं तिचं म्हणणं.

नवऱ्याची तऱ्हा वेगळी. ते छापखान्यात मुद्रितं तपासायचे. यंत्र तयार, कागद लावलेला, माणसं हातावर हात ठेवून उभी, आणि हे म्हणायचे, "थांबा, एकदा परत बघतो." बघून झालं की पुन्हा एकदा बघायचे. या माणसाला पूर्णविराम देताच येत नाही, असं ठरवून यंत्रावरच्या लोकांनी त्यांचं नाव स्वल्पविराम ठेवलं. निवृत्तीच्या दिवशी त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि हे नाव मिळालं. घड्याळ वर्षभरात बंद पडलं. नाव चालू राहिलं.

तर बायको शेवटापर्यंत कधी पोचायची नाही, आणि नवरा शेवटापर्यंत पोचला की परत फिरायचा. अशा दोघांचा संसार इतकी वर्षं टिकला याचं कारण बहुधा एवढंच, की तो संपवणं दोघांनाही जमलं नाही.

आता उरली ताई. ताई म्हणजे बायकोची थोरली बहीण. मोठ्या कचेरीत अधीक्षक होती. हाती घेतलेलं काम ती पूर्ण करायचीच. दुसऱ्यांनी सुरू केलेली वाक्यंसुद्धा पूर्ण करायची.

या ताईच्या नातीसाठी, छोटीसाठी, बायकोने एक कासव करायला घेतलं होतं. क्रोशाने, ब्लँकेटच्या जाड मखमली लोकरीचं, उशीएवढं मोठं. छोटीचा वाढदिवस रविवारी होता. पाठ झाली होती, आणि ती खरोखर सुरेख झाली होती: हिरवीगार, गुबगुबीत, घुमटासारखी. पाठ झाल्यावर बायकोचा उत्साह नेहमीप्रमाणे ओसरायला लागला होता. पण यंदा तिने मन घट्ट केलं आणि उरलेले गुंडे काढायला ती स्टुलावर चढली. त्या स्टुलाचा एक पाय दुरुस्त करायचं कामही त्या घरात कधीतरी सुरू झालेलं होतं.

उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर कोपरापर्यंत आलं.

ताई समाचाराला आली, ती हाताकडे बघायच्या आधी टेबलाकडे बघत.

"हे काय गं? टोपलं?"

"कासवाची पाठ आहे. छोटीसाठी."

"आणि बाकीचं कासव?"

"होईल."

"कशाने होईल? पायाने विणणार?" ताईने पाठ उचलून आतून-बाहेरून पाहिली. "तुझं 'होईल' मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून ऐकतेय. ऐक. रविवारी छोटीला घेऊन आम्ही इकडेच येतो. कासव तयार असलं, तर या कपाटाबद्दल मी पुन्हा चकार शब्द काढणार नाही. नसलं, तर सगळी लोकर मी घेऊन जाणार. आमच्या मंडळातल्या बायका विणतात. आणि विशेष म्हणजे, संपवतात."

"कबूल," बायको म्हणाली. रागाच्या भरात सुरुवात करणं तिला कधीच जड गेलं नव्हतं.

"पण करणार कोण?"

बायकोने हनुवटीने खिडकीकडे खूण केली. खिडकीत स्वल्पविराम पुस्तक तोंडासमोर धरून, आपण या खोलीत नाही अशा समजुतीत बसले होते.

"हे करतील."

ताई हसली ती इतकी, की बशीत चहा सांडला. "पंडित? अगं, यांच्या बुटाची नाडी दुकानदाराने बांधून दिली होती, ती यांनी अजून सोडलेली नाही." मग तिने खिडकीकडे मोर्चा वळवला. "काय पंडित, जमेल?"

"जमेल असं म्हणणं जरा..." स्वल्पविरामांनी सुरुवात केली. पुढे 'धाडसाचं होईल' म्हणायचं होतं.

"जमेल म्हणतायत. झालं तर," ताईने वाक्य पूर्ण केलं आणि चप्पल घातली.

त्या कपाटाचं बायकोला काय होतं, हे स्वल्पविरामांना माहीत होतं. सकाळी उठली की ती आधी त्याचं दार उघडायची. बाहेर काही काढायची नाही. नुसता लोकरीवरून हात फिरवायची आणि मग दिवसाच्या कामाला लागायची. कपाट रिकामं झाल्यावर ती सकाळी दार उघडून काय करणार, हा विचार त्यांच्या मनात आला आणि गेलाच नाही. म्हणून ते उठले, आणि एखाद्या जबाबदार माणसाने अशा वेळी जे करावं तेच त्यांनी केलं. ते वाचनालयात गेले.

क्रोशावरची तीन पुस्तकं आली. दुसरा सगळा दिवस ती वाचण्यात गेला. त्यात त्यांना छपाईच्या दोन चुका सापडल्या, त्या त्यांनी पेन्सिलीने हलकेच दुरुस्त केल्या. लोकरीला मात्र अजून हात लागला नव्हता.

"अहो, पुस्तक वाचून कोणी पोहलंय का?" बायको खुर्चीतून म्हणाली.

"प्रस्तावना चांगली आहे."

"ती छोटीला वाचून दाखवू रविवारी. सुई घ्या हातात."

सुई घेतली. आणि तिथेच पहिला घोटाळा झाला. बारीक लोकरीत टाका दिसतो. ही लोकर बोटाएवढी जाड आणि मांजराच्या पोटासारखी लवदार. टाका घातला की तो लवेत बुडून जायचा. पुढचा टाका कुठे घालायचा ते डोळ्यांनी कळायचं नाही, बोटांनी चाचपून शोधावं लागायचं. ज्या माणसाने जन्मभर फक्त डोळ्यांवर पोट भरलं, त्याच्या हातात नेमकी ही लोकर यावी.

"डोळे मिटा," बायको म्हणाली.

"मिटू?"

"मिटा. नाहीतरी त्यांचा उपयोग होत नाहीये. आता बोटाने बघा. भोक लागलं? त्यात सुई घाला, लोकर ओढा, दोन्ही फासांतून बाहेर काढा. हा झाला मुका खांब."

"मुका खांब," स्वल्पविराम डोळे मिटून म्हणाले. "नाव छान आहे."

"तुमच्यावरूनच ठेवलंय. पुढचा घाला."

ते घालू लागले. हळूहळू जमूही लागलं. पण ते लोकर अशी आवळून धरायचे, की जणू सुटली तर ती पोलिसांत जाईल.

"अहो, सुई धरलीय की कोणाचा गळा? सैल सोडा."

"सैल सोडलं तर सुटेल."

"काही सुटत नाही. मी सोडते ना."

तू सोडतेस त्याचंच तर कपाट भरलंय, हे वाक्य त्यांच्या अगदी ओठांवर आलं. पण इतक्या वर्षांच्या संसारात ते जर काही शिकले असतील, तर ते ओठांवरून वाक्य परत आत नेणं. ते गिळून त्यांनी पुढचा टाका आवळला.

संध्याकाळपर्यंत कासवाला चांगलं वाटीएवढं पोट आलं. बायको निर्धास्त झाली. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, औषधाच्या गुंगीत ती झोपली असताना, स्वल्पविरामांनी ते पोट हातात घेऊन एकदा परत बघितलं.

उठल्यावर बायकोने पाहिलं, तर पोट लिंबाएवढं.

"सकाळी हे मोठं होतं ना हो?"

"होतं."

"मग गेलं कुठे?"

"तिसऱ्या फेऱ्यात एक टाका जास्त झाला होता."

"मग?"

"मग उसवत तिसऱ्या फेऱ्यापर्यंत गेलो."

बायकोने वर छताकडे पाहिलं. त्या आठवड्यात हेच चाललं. सकाळी ते विणायचे, दुपारी तपासायचे, तपासलं की उसवायचे. कासव हळू चालतं हे साऱ्या जगाला माहीत आहे. पण या घरातलं कासव मागे चालत होतं, आणि ते बऱ्यापैकी वेगाने.

मग एके सकाळी बायकोला खुर्चीखाली हिरव्या लवेचा ढीग दिसला. तिने डाव्या हाताने तो उचलला, मग गुंडा मागून घेतला आणि लोकर ओढून बघितली. लोकर मध्येमध्ये टकली झाली होती. मखमल गळून आतले दोन बारीक दोरे उघडे पडले होते.

"ही लोकर अशी पुन्हापुन्हा उसवायची नसते," ती म्हणाली. "लव झडते."

"पुस्तकात नव्हतं."

"प्रस्तावनेत असेल."

स्वल्पविराम मान खाली घालून लोकरीच्या दुकानात गेले. दुकानातल्या बाईंनी नमुना बघितला. तो हिरवा आता येत नव्हता. पोपटी होता, शेवाळी होता, आणि एक निळसर होता. बाईंनी तिन्ही गुंडे समोर ठेवले. स्वल्पविरामांनी पोपटी उजेडात नेऊन पाहिला, शेवाळी आत आणून पाहिला, पाठीशी कोणता जुळेल आणि पोटाशी कोणता, याचा सर्व बाजूंनी विचार केला. दरम्यान बाईंनी इतर गिऱ्हाइकं उरकली, हिशेब उरकला, आणि शटर अर्धं खाली ओढलं.

ते हात हलवत घरी आले.

"कुठलाही रंग चालला असता की," बायको म्हणाली.

"तेच ठरवत होतो. तेवढ्यात दुकान बंद झालं."

आता ती चिडेल, अशी त्यांची अपेक्षा होती. चिडली असती तर बरं झालं असतं. ती प्लॅस्टरकडे बघत म्हणाली, "ताई लोकर नेईल त्याचं मला एवढं नाही वाटत. पण ती नुसती नेणार नाही. कपाट आतून पुसून घेईल. प्रत्येक फळीवर कोरा कागद घालेल. दार लावून, बघ किती मोकळं झालं, म्हणेल. ते मला बघवणार नाही."

स्वल्पविरामांनी टकल्या लोकरीचा गुंडा उचलून मांडीवर घेतला.

"तुम्ही चुका करा हो," ती म्हणाली. "माझ्या सगळ्या चुका या कपाटात आहेत. कधी कोणाला चावल्यात का?"

त्या दिवसापासून उसवणं बंद झालं. यात शब्द पाळण्याचा भाग थोडा आणि नाइलाजाचा भाग जास्त होता, कारण अजून एकदा उसवलं असतं तर हातात नुसता दोरा आला असता. टकली लोकर त्यांनी पोटाला वापरली. चांगली उरली ती पायांना आणि डोक्याला ठेवली. एका जुन्या उशीचा कापूस काढून भरला. डोळे प्लास्टिकचे होते, मागून चकती दाबून बसवायचे. चकती एकदा 'टक्' म्हणाली की डोळा पुन्हा निघत नाही, असं बायकोने बजावलं होतं. त्या 'टक्'च्या आधी स्वल्पविराम चहा निवेपर्यंत विचार करत बसले. डावा डोळा तरीही जरा वरच बसला. त्यामुळे कासवाच्या चेहऱ्यावर, आपल्याला कोणीतरी काहीतरी न पटणारं सांगतंय, असा भाव आला. हा भाव ताईशी बोलताना त्यांच्या स्वतःच्या चेहऱ्यावर असायचा.

शनिवारी अंगावर पाठ ठेवून बघायची वेळ आली, तेव्हा दुसरा घोटाळा उघडकीला आला. पाठ बायकोने केलेली, सैल हाताची, ऐसपैस. अंग यांनी केलेलं, आवळून. टाके मोजून बरोबर होते, पण अंग पाठीच्या निम्मंच भरलं.

बायको बघत राहिली, आणि मग इतकी हसली की प्लॅस्टरचा हात दुसऱ्या हाताने धरून ठेवावा लागला.

"अहो, हे कासवाचं घर नाही. हे कासवाने भाड्याने घेतलंय."

"करू का मोठं? म्हणजे, आठवडाभरात..."

"हात लावाल तर बघा. मागून आणि बाजूंनी शिवा. पुढे राहू दे सैल."

रविवारी सकाळी राहिलं होतं फक्त शेपूट. स्वल्पविरामांनी पोटाची मागची शिवण बंद करत आणली आणि त्याच लोकरीने पुढे शेपूट विणलं. छान लांब झालं. आता लोकर कापायची, टोक शेवटच्या फासातून ओढून घ्यायचं, की कासव पुरं. त्यांनी कात्री उचलली.

"कापा," बायको म्हणाली.

"एकदा परत बघतो."

"आता काय बघायचंय?"

"पुढचा उजवा पाय बहुतेक उलटा लागलाय. कापलं की मग काही करता येणार नाही."

"म्हणूनच कापा म्हणतेय."

त्यांनी कात्री खाली ठेवली. कासव टेबलावर उताणं, शेपटाला फास मोकळा, फासापासून लोकर थेट जमिनीवरच्या गुंड्यापर्यंत. आणि दारावरची घंटा वाजली.

ताई पुढे, मागे तिची मुलगी, आणि मुलीच्या कडेवर छोटी. ताईच्या काखेत दोन मोठ्या पिशव्या होत्या, कोपऱ्याला कोपरा लावून घडी घातलेल्या. रिकाम्या.

"पिशव्या कशाला आणल्यास?" बायकोने विचारलं.

"लागतील म्हणून." ताईची नजर टेबलावर गेली. तिने कासव सुलटं केलं, एक-एक पाय दाबून बघितला, आणि लोकर बोटात धरून वर उचलली. "हे काय? दोरा लोंबतोय. गुंड्याला जोडलेलंच आहे अजून. म्हणजे झालेलं नाही."

"झालंय, नुसतं एवढं..." बायको म्हणाली.

"राहिलंय," ताईने वाक्य पूर्ण केलं. "तुझं नेहमी एवढंच राहिलेलं असतं. पंडित, तुम्ही सांगा. तुम्ही खोटं बोलणार नाही. झालंय की राहिलंय?"

प्रश्न सरळ होता. स्वल्पविरामांना सरळ प्रश्नांचीच भीती वाटायची. त्यांनी पायाकडे पाहिलं, डोळ्याकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं. "तसं म्हटलं तर," ते म्हणाले, "आणि तसं न म्हटलं तर..."

ताईने पहिली पिशवी उलगडली.

एवढ्यात छोटी आईच्या कडेवरून खाली उतरली होती. तिला या वादात रस नव्हता. तिने जमिनीवरचा हिरवा गुंडा बघितला, तो दोन्ही हातांनी छातीशी धरला, आणि ती दुडूदुडू स्वयंपाकघराकडे निघाली.

लोकर ताणली गेली. शेपटाचा पहिला टाका सुटला. मग दुसरा. मग पुढचे एकामागून एक, अगदी आवाज न करता, जिन्यावरून कोणी चवड्यांवर उतरावं तसे. शेपटामागून शिवण जाणार होती आणि शिवणीमागून कापूस. स्वल्पविराम ते बघत होते. आठवडाभर त्यांनी स्वतः हेच केलं होतं, पण दुसऱ्याला करताना ते प्रथमच बघत होते. आणि ते किती भराभर होतं, हे त्यांना आत्ता दिसलं.

त्यांनी झडप घातली. एका हाताने शेपूट चिमटीत धरलं, दुसऱ्याने कात्री घेतली, आणि पुन्हा न बघता लोकर कापली. टोक फासातून ओढलं. आवळलं. आवळण्यात तर आता त्यांचा हात कोणी धरला नसता. पोटावर ओढून दोन गाठी मारल्या, उरलेलं टोक सुईने आत खुपसलं.

 गुंडा घेऊन छोटी दारातच थांबली होती. तिच्यामागे आता नुसता दोरा होता.

ताईने चष्मा लावला. कासव उचललं.

"शेपूट अर्धंच आहे."

"तेवढंच असतं," स्वल्पविराम म्हणाले.

"काय?"

"कासवाचं शेपूट. तेवढंच असतं. पुस्तकात आहे."

बायकोने चमकून त्यांच्याकडे पाहिलं. पुस्तकात असं काही नव्हतं, हे तिला माहीत होतं; तिन्ही पुस्तकं तिला सक्तीने ऐकावी लागली होती. पण ताईची छापील अक्षरावर फार श्रद्धा होती. तिने शेपटाचा नाद सोडला.

"हा पाय उलटा आहे."

"हो."

"आणि पोटावर लव नाही."

"कासवाच्या पोटावर कुठे लव असते?" बायको म्हणाली. "जमिनीवर घासून जाते."

"आणि पाठ एवढी मोठी..."

पण कासव तिच्या हातात राहिलं नाही. छोटीने पायाला धरून ते खाली ओढलं होतं. ती जमिनीवर बसली, तिने कासवाचं डोकं बोटाने ढकललं, आणि ते सैल पाठीखाली आत गेलं. दिसेनासं झालं. छोटीने पाठ वर करून आत वाकून बघितलं. तिथे डोकं होतं आणि त्याला काही पटलेलं नव्हतं. ती खुदकन हसली. तिने डोकं बाहेर ओढलं, पुन्हा आत ढकललं, पुन्हा वाकून बघितलं.

"काय आहे गं ते?" तिच्या आईने कौतुकाने विचारलं.

"भूभू," छोटी म्हणाली.

आठवडाभराच्या मेहनतीला मिळालेली ही दाद सगळ्यांनी आपापल्या परीने पचवली.

"म्हणजे कासव..." ताईने सुरुवात केली.

"झालं," बायकोने वाक्य पूर्ण केलं.

ताईने पिशवी पुन्हा घडी केली. या वेळी कोपऱ्याला कोपरा लागला नाही, पण तिने तो दुसऱ्यांदा लावला नाही. मग चहा झाला, छोटीचा वाढदिवस झाला, आणि कपाटाबद्दल खरोखरच कोणी चकार शब्द काढला नाही. ताई हाती घेतलेलं पूर्ण करते. जाताना छोटीने भूभूला उलट्या पायाला धरून जिन्यावरून आपटत नेलं. प्रत्येक पायरीला स्वल्पविराम कठड्यावरून वाकून बघत होते. पण एकही टाका सुटला नाही.

दार लावून ते मागे वळले, तर बायको कपाटापाशी उभी. डाव्या हाताने ती आत काहीतरी ओढत होती. दोन हातमोजे खाली पडले, म्हणजे एक आणि एक अंगठा नसलेला. मग एका बाहीचा स्वेटर बाहेर आला. लग्नानंतर पहिल्याच थंडीत तिने त्यांच्यासाठी सुरू केलेला.

"याची बाही राहिलीय," ती म्हणाली. "मी सांगते, तुम्ही विणा."

त्यांनी स्वेटर छातीला लावून बघितला. तो ज्या माणसासाठी सुरू झाला होता, त्याला पोट नव्हतं.

"हा मला होणार नाही."

"अंगाला नाही होणार. पुरा तर होईल."

ते खिडकीत बसले. सुई घेतली. आणि सुरुवात करण्याआधी, सवयीने, तिच्या जुन्या विणीवरून बोट फिरवलं. ही लोकर बारीक होती, टाका दिसत होता, तरी त्यांनी डोळे मिटून घेतले होते. छातीपाशी बोट थांबलं.

"इथे एक टाका सुटलाय तुझा."

"माहीत आहे."

"पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून. इतकी वर्षं झाली, आता तो घरचाच. बाही करा."